नव्या प्रणालीचे पहिले दहा दिवस
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



घरचा संगणक ही आता प्राथमिक शिक्षकाच्या घरात नवलाईची वस्तू राहिलेली नाही. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, यू-डायसची माहिती, शालार्थची देयके, शिवाय घरातील मुलांचा अभ्यास, अशी अनेक कामे त्या एका यंत्रावर होत असतात. ते नित्याप्रमाणे चालू असते तोवर त्याच्या अंतरंगाचा विचार कोणी करीत नाही. परंतु एके दिवशी त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संचालन प्रणाली, बदलली जाते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे चाचपडण्याची पाळी घरधन्यावर येते. त्या पहिल्या दिवसांत मनावर जे ठसे उमटतात त्यांतील टिकाऊ कोणते, चार दिवसांत पुसले जाणारे कोणते आणि दुर्लक्ष केल्यास खरोखर नुकसान करणारे कोणते, हे पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

संचालन प्रणाली म्हणजे काय, हे शाळेवरूनच समजून घेता येईल. घंटा कोणी द्यावी, कोणता वर्ग कोठे बसावा, कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, बाहेरचा माणूस आला तर त्याला कोणी विचारावे, ही व्यवस्था पाठ्यपुस्तकात कोठेही छापलेली नसते. पण ती असते म्हणून अध्यापन चालते. संगणकात लेखनाचा, हिशेबाचा, चित्रांचा असे निरनिराळे प्रोग्रॅम हे वर्ग होत. त्यांना जागा, वेळ व साधने वाटून देणारी आणि दारावर लक्ष ठेवणारी व्यवस्था म्हणजे संचालन प्रणाली होय. ती बदलली म्हणजे मुख्याध्यापक, वेळापत्रक आणि कपाटांची मांडणी ही एका रात्रीत बदलण्यासारखे आहे. मुले तीच, पुस्तके तीच. तरी सकाळी शाळा अनोळखी वाटते.

हा बदल अलीकडे पुष्कळ घरांत एकदम का झाला, याला निश्चित कारण आहे. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तत्पूर्वी विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी असाच संपला होता. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक बंद पडतो, असा समज कित्येकांचा आहे. तो बरोबर नाही. यंत्र पूर्ववत् चालत राहते. थांबते ती डागडुजी. प्रणालीत राहून गेलेली छिद्रे वेळोवेळी सापडत असतात आणि ती बुजविणाऱ्या दुरुस्त्या कंपनी पाठवीत असते. त्या येणे बंद झाले की नव्याने सापडलेले छिद्र तसेच उघडे राहते.

हा धोका कागदावरचा नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना त्या दिवसांत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली होती. ती ज्यांनी बसवून घेतली नव्हती ते सापडले. शिक्षकाच्या घरच्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, जाती, पालकांचे दूरध्वनी व बँकेचे खाते क्रमांक नोंदलेल्या याद्या असतात. ती माहिती शिक्षकाची स्वतःची नव्हे. पालकांनी विश्वासाने दिलेली आहे. “माझ्या संगणकात चोरण्यासारखे काय आहे?” असे म्हणून बदल टाळणाऱ्याने या याद्या एकदा डोळ्यांपुढे आणाव्यात.

आता बदलाच्या पहिल्या संध्याकाळकडे वळू. द्विशिक्षकी शाळेतील एखाद्या गुरुजींचे उदाहरण घ्यावे. वीस वर्षे संगणकाचा सराव असलेले हे गृहस्थ. शनिवारी दुपारी त्यांनी विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्याची आज्ञा दिली. पडद्यावर टक्के मोजले जात राहिले, यंत्र दोनतीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि दिवेलागणीच्या सुमारास एक मंद सूर वाजून नवा पडदा उजळला. चित्रे मोठी सुरेख, खिडक्यांचे कोपरे गोलसर. गुरुजींचा हात सवयीने डाव्या खालच्या कोपऱ्यात गेला आणि तेथे स्टार्टच्या बटणाऐवजी हवामानाचा अंदाज निघाला. त्यावर टिचकी बसताच बातम्यांचा एक भला मोठा फलक उघडला.

नववीतील मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “अण्णा, स्टार्ट मध्ये आलंय. तिथं बघा.”

गुरुजी म्हणाले, “मग इतकी वर्षं कोपऱ्यात होतं ते काय वाईट होतं?”

या प्रश्नात राग आहे तसे तथ्यही आहे. स्टार्टचे बटण १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आले आणि डाव्या कोपऱ्यात बसले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते काढूनच टाकण्यात आले. तेव्हा वापरणाऱ्यांनी एवढी कुरकुर केली की पुढच्याच वर्षी, विंडोज ८.१ मध्ये, ते परत आणावे लागले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ते मध्यभागी सरकले. तात्पर्य, नवीन म्हणून आलेले सर्वच सुधारलेले असते असे मानण्याचे कारण नाही. बनविणाऱ्यांनाही मागे पाऊल घ्यावे लागले आहे. मध्यभागी आलेले बटण पुन्हा डावीकडे नेण्याची सोय सेटिंग्जमध्ये, पर्सनलायझेशनखालील टास्कबारच्या पानावर ठेवलेली आहे. ज्याला ती वापरावीशी वाटेल त्याने खुशाल वापरावी. त्यात मागासलेपण काही नाही.

मात्र गुरुजींचा हात कोपऱ्यात का गेला, याचा विचार शिक्षकाने अधिक करावा असा आहे. वीस वर्षांत त्यांनी बटण “ओळखले” नव्हते, बटणाची जागा ओळखली होती. जागा बदलताच ओळख नाहीशी झाली. पहिलीच्या वर्गात हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. तक्त्यावरील अक्षरे क, ख, ग, घ अशी धडाधड म्हणणारा मुलगा ‘घ’चे एकटे कार्ड हाती देताच गप्प होतो, किंवा ओठांतल्या ओठांत पुन्हा ‘क’पासून म्हणत येतो. त्याला अक्षर आले नसून रांग आलेली असते. पुस्तकातील कविता चित्रावर बोट ठेवून वाचणारी मुलगी पान बदलले की अडते. शिक्षक त्या मुलांना कधी कधी ओरडतो, आणि स्वतः मात्र नव्या पडद्यापुढे अगदी तसाच अडलेला असतो. हा अनुभव ताजा असतानाच वर्गात जाणे फार उपयोगाचे आहे. महिन्याभराने हात नव्या जागेला सरावतो आणि अडल्याची आठवण बुजून जाते.

गुरुजींना दुसरा अडथळा उजव्या टिचकीच्या यादीत आला. पूर्वी फाइलीवर उजवी टिचकी दिली की कट, कॉपी, पेस्ट, डिलीट अशी शब्दांची लांबलचक यादी उघडत असे. नव्या प्रणालीत ती आखूड झाली आणि या नित्याच्या आज्ञा शब्द जाऊन लहान चिन्हांच्या रूपाने एका ओळीत बसल्या. कात्री म्हणजे कट हे समजले. बाकीच्यांचा अंदाज बांधावा लागला. पुढे २०२४ च्या आवृत्तीत कट, कॉपी, पेस्ट इत्यादी चिन्हांना शब्दांची जोड देण्यात आली. चित्राखाली शब्द लिहावा हे बालवाडीच्या शिक्षिकेला कोणी सांगावे लागत नाही. जुनी पूर्ण यादी हवी असल्यास नव्या यादीतील ‘शो मोअर ऑप्शन्स’ या ओळीवर ती मिळते.

गंमत अशी की त्याच घरातील बाई, गुरुजींच्या पत्नी, याही शिक्षिका. त्यांना पहिल्या संध्याकाळी यांपैकी काहीच जाणवले नाही. त्या कळफलकावरून काम करणाऱ्या. कंट्रोल आणि सी दाबले की प्रत निघते, कंट्रोल आणि पी दाबले की छपाईची खिडकी येते, विंडोजची कळ आणि ई दाबले की फोल्डर उघडतात. या आज्ञा प्रणालींच्या अनेक पिढ्यांत तशाच राहिल्या आहेत. पडद्याचे सामान कोठेही हलवले तरी त्यांना फरक पडला नाही. संगणक शिकविताना विद्यार्थ्यांना चित्रांच्या जागा पाठ करून घेण्यापेक्षा अशा दहाबारा कळजोड्या आणि त्यांचे अर्थ शिकविणे का हितावह, हे या एका घरात दिसून येते.

एवढा भाग सवयीचा झाला. तो चार दिवसांत सुटतो आणि त्यापायी नव्या प्रणालीला नावे ठेवून जुनीवर परत जाणे शहाणपणाचे नाही. पुढचा भाग मात्र सवयीने सुटणारा नाही आणि मराठी शिक्षकाला तो विशेष लागू आहे. तो अक्षरांचा होय.

संगणकावर मराठी लिहिण्याच्या दोन अगदी भिन्न रीती आहेत. जुन्या रीतीत कृतिदेव, शिवाजी, सुरेख यांसारखे टंक वापरीत. त्यांत संगणकाला मराठी कळत नसे. आत साठविलेली खूण इंग्रजी अक्षराचीच असे. त्या अक्षराच्या जागी टंक मराठी आकृती काढून दाखवी. इंग्रजी अक्षराला मराठी मुखवटा घातला, एवढाच तो प्रकार. युनिकोडच्या रीतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून टंक कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात अंतर्भाव आहे. विंडोजमध्ये ती व्यवस्था विंडोज २००० पासून, मंगल या टंकासह, आली. तरीही जुने टंक गावोगाव दीर्घकाळ चालू राहिले, कारण हाताला वळण त्यांचेच पडलेले होते.

आता प्रणाली बदलण्याचेही दोन मार्ग आहेत. चालू प्रणालीवरच नवी चढविली तर फाइली, प्रोग्रॅम आणि टंक सामान्यतः जागच्या जागी राहतात. परंतु संगणक तालुक्याच्या दुकानात नेला की बहुधा “फॉरमॅट मारून” दिला जातो, म्हणजे सर्व पुसून कोऱ्या पाटीवर नवी प्रणाली बसविली जाते. (दुकानदाराला ते सोपे पडते, आणि त्याच्या टेबलावर तसे आणखी पाचसात संगणक वाट पाहत असतात.) यात डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली जातात हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे, म्हणून त्या पेन ड्राइव्हवर आधी काढून घेतल्या जातात. टंकांची आठवण मात्र कोणालाच होत नाही. मग घरी येऊन दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे फोल्डर उघडावे, तर पानभर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसते. मुखवटा गेला, खालचा चेहरा राहिला.

अशा वेळी पहिला ग्रह होतो तो “फाइली खराब झाल्या” असा, आणि काही जण त्या खरोखर पुसून टाकतात. हे नुकसान पूर्णतः टाळण्याजोगे आहे. फाइल जशीच्या तशी शाबूत असते. तोच टंक पुन्हा बसविला की मजकूर पूर्ववत् दिसू लागतो. म्हणून दुकानात यंत्र नेण्यापूर्वी फाइलींबरोबर त्या टंकांच्या फाइलीही काढून घ्याव्यात. त्या विंडोजच्या फोल्डरातील फॉन्ट्स या उपफोल्डरात असतात.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला ही भीती नाही. पण त्याच्याही पहिल्या ठशात एक गोष्ट येते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे टंक सरसकट बसविले जात नाहीत; ते देवनागरीच्या पुरवणी टंकांत गणले जातात. संगणकाला मराठी भाषा जोडली की ते आपोआप येतात. कोरी प्रणाली बसविताना केवळ इंग्रजी ठेवली असेल तर मंगलमधील मजकूर निर्मला या टंकात दिसू लागतो. अर्थ बदलत नाही, पण अक्षरांची रुंदी बदलते. एका पानात बसविलेली प्रश्नपत्रिका सव्वा पान होते आणि तक्त्यांच्या रेघा हलतात. सेटिंग्जमधील भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडणे, हे म्हणून नव्या प्रणालीवरचे पहिले काम समजावे. त्याच वेळी कळफलकही निवडता येतो. भारत शासनाने प्रमाण केलेला इनस्क्रिप्ट तेथे पूर्वीपासून आहे. उच्चारानुसार इंग्रजी कळांवरून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही २०१९ पासून विंडोजमध्ये मिळतो. विंडोजची कळ आणि लांब पट्टी एकत्र दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

याहून गंभीर गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची आहे. पहिलीच्या एखाद्या बाई मुळाक्षरांची कार्डे घरीच तयार करतात. ती मराठी वळणाच्या टंकात केलेली. संगणक फॉरमॅट होऊन आला. तो टंक त्यात नाही. त्याच्या जागी संगणकाने हाताशी असलेला दुसरा घातला. पडद्यावर शब्द बरोबर दिसले म्हणून बाईंनी संच छापून घेतला. वर्गात ‘लसूण’ लिहिलेले कार्ड दाखविताच मुले घुटमळली, कारण पुस्तकातील ‘ल’ पाकळ्यांचा आणि कार्डावरील ‘ल’ उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा. एका मुलाने विचारलेच, “बाई, हे कोणतं अक्षर?”

मोठ्या माणसाच्या डोळ्याला हा फरक क्षुल्लक वाटतो; तो दोन्ही रूपे सहज वाचतो. ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा ‘ल’ पाहिला त्याला ही दोन निराळी अक्षरे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मराठी वर्णमाला निश्चित केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासंबंधी सुधारित निर्णय काढला. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे त्यात धरलेली आहेत. बाजारातील व संगणकाबरोबर येणाऱ्या पुष्कळ टंकांत मात्र हिंदी रूपे असतात. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू हे युनिकोड टंक मराठीसाठीच केलेले आहेत. ते एकदा बसवून, पेन ड्राइव्हवर जपून ठेवावेत. प्रणाली बदलल्यावर कोणतेही वाचनसाहित्य छापण्यापूर्वी ‘शाळा’, ‘लसूण’, ‘शीतल’ असे दोनतीन शब्द मोठ्या आकारात लिहून पाठ्यपुस्तकातील अक्षरांशी ताडून पाहावेत. काम एका मिनिटाचे आहे.

त्याच कसोटीत आणखी एक शब्द घालावा: ‘दऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ नमस्कार करावा आणि ‘आचाऱ्यांना’ भात वाढावयास सांगावा. या दोन ‘र’कारांतला भेद मराठीत अर्थ बदलतो. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या कळफलकांत व टंकांत हा दुसरा ‘र’ कसा उमटवावा याची कळ चटकन सापडत नाही. इनस्क्रिप्टवर ‘ऱ’ लिहून त्याचा पाय मोडला आणि पुढे ‘य’ दिला की तो उमटतो. नव्या कळफलकावर हे जमते की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. नाहीतर चौथीच्या भूगोलात सह्याद्रीतील दऱ्यांचा समुद्र व्हावयाचा.

फाइलींच्या बाबतीत एक नवा प्रकार ध्यानात घेतला पाहिजे. नवी प्रणाली सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते आणि ते दिले की डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही फोल्डरे वनड्राइव्ह या दूरच्या साठवणीत नेण्याची सोय पुढे येते. घाईघाईने ‘पुढे, पुढे’ दाबणाऱ्याकडून ती सहज चालू होते. मोफत जागा ५ जीबी असते. प्रकार वाईट मुळीच नाही. वीज पडून संगणक जळाला तरी याद्या वाचतात. पण त्यात काही फाइलींचे केवळ नाव संगणकावर राहते आणि मजकूर दूर असतो. नावापुढे ढगाची खूण असते ती हीच. गावात इंटरनेट गेले की नेमकी तपासणीच्या आदल्या रात्री ती फाइल उघडत नाही. ज्या फाइली नित्य लागतात त्यांवर उजवी टिचकी देऊन ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ ही ओळ निवडावी. विद्यार्थ्यांच्या याद्या दूर पाठवावयाच्या की नाहीत हा निर्णय शिक्षकाने समजून उमजून घ्यावा. तो चुकून होऊ देऊ नये.

छपाईयंत्र व स्कॅनर यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. पूर्वी ३२ बिटांच्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या स्कॅनरचा चालक प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाही. यंत्र बनविणाऱ्याने नवा काढला असेल तर ठीक, नसेल तर त्या स्कॅनरचा निरोप घ्यावा. अतिशय जुने, १६ बिटांचे प्रोग्रॅमही चालणार नाहीत. यू-डायस, शालार्थ ही कामे ब्राउझरमधून होत असल्याने त्यांना या बदलाची झळ लागत नाही.

राहता राहिले ते, ज्यांच्या संगणकावर नवी प्रणाली बसतच नाही. विंडोज ११ ला ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण यांखेरीज टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास सामान्यतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा. त्यामुळे उत्तम चालणारी पुष्कळ यंत्रे एका नियमाने बाद ठरली, आणि याबद्दलची नाराजी रास्तच आहे. ज्याचा पगार मुलांच्या शिक्षणात आणि घराच्या हप्त्यात वाटला गेला आहे त्याने तडकाफडकी नवा संगणक घ्यावा असे कोणी सांगू नये. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत ठेवली. तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते, ती आपोआप मिळत नाही. दुसरा मार्ग लिनक्सचा. ही मोफत व मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावरही बरी चालते. केरळातील शाळांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आहे, आणि सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेने बॉस या नावाने तिची भारतीय भाषांची आवृत्ती तयार केलेली आहे. तीवर मराठी युनिकोड उत्तम उमटते. पहिल्या दिवसाचे चाचपडणे मात्र तेथे अधिक, हे आधीच समजून असावे.

चालू प्रणालीवर नवी चढविणाऱ्यास मागे फिरण्याची सवलत दिलेली असते, पण तिला मुदत आहे. बदलानंतर १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील रिकव्हरीच्या पानावरून जुन्या प्रणालीवर परतता येते. त्या काळात जुनी प्रणाली विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात राखून ठेवलेली असते. मुदत संपली की ती पुसली जाते. म्हणून पहिल्या संध्याकाळी रागाने निर्णय घेऊ नये, तसाच तो अकराव्या दिवसावरही ढकलू नये. या दहा दिवसांत महिन्यातले प्रत्येक काम एकदा करून पाहावे: निकालपत्रक उघडून छापावे, हिशेबाच्या तक्त्यातील बेरजा तपासाव्यात, स्कॅनरवर एक कागद घालावा, जुन्या टंकातील एक फाइल आणि युनिकोडमधील एक फाइल उघडावी, वरील चार शब्द लिहून पाहावेत. जे अडेल ते वहीत तारखेसह लिहावे. चौथ्या-पाचव्या दिवशी वही उघडली की बटणांच्या जागांविषयीच्या नोंदी बहुधा निरर्थक वाटू लागलेल्या असतात, आणि उरलेल्या दोनतीन नोंदींकडे खरे लक्ष द्यावे लागते.

जुन्या टंकांतील ज्या फाइली पुन्हा लागणार आहेत त्या सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. त्यांतून आलेल्या मजकुरात जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांट्या विशेष काळजीने तपासाव्या लागतात, कारण जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकिली जाई आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. एका शिक्षकाने एकट्याने दहा वर्षांचे साहित्य बदलावयाचे म्हटले तर उत्साह टिकत नाही. केंद्रातील शाळांनी इयत्ता वाटून घेतल्या, एकाने पहिली-दुसरीचे, दुसऱ्याने तिसरी-चौथीचे, तर दिवाळीच्या सुटीत काम उरकण्याजोगे आहे. रूपांतर होईपर्यंत मूळ फाइल आणि तिचा टंक ही एकाच फोल्डरात शेजारी शेजारी ठेवावीत, आणि त्या फोल्डराच्या नावातच टंकाचे नाव लिहून ठेवावे.